शोभेचा संन्यासी व्हायचंय? मग हे वाचा

अठराव्या शतकातल्या इंग्लंडात जन्मला आहात, पोटाची भ्रांत आहे आणि कष्टाचा मनापासून तिटकारा आहे? मग एखाद्या जमीनदाराच्या बागेत शोभेचा संन्यासी म्हणून लागा. या मंडळींचं तळं खोदून झालेलं असतं, मुद्दाम पडकं दिसेल असं देऊळही बांधून झालेलं असतं. आता फक्त त्यात उदास बसलेला एक माणूस हवा असतो. स्वतः विरक्त व्हायला त्यांना सवड कुठली? पाहुणे जेवायला थांबलेले असतात.

सरे परगण्यात चार्ल्स हॅमिल्टन यांची पेन्सहिल नावाची बाग आहे. मुदत ७ वर्षं, आणि पुरी केलीत तर ७०० पौंड. बायबल, चष्मा, चटई, उशी आणि वाळूचं घड्याळ मिळेल, जेवण वाड्यावरून येईल. अंगात जाडाभरडा झगा घालायचा. केस, दाढी, नखं कापायची नाहीत, बागेबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि जेवण आणणाऱ्या गड्याशी अवाक्षर बोलायचं नाही. ही शेवटची अट दोनदा वाचा. सूप अळणी झालंय हे ७ वर्षं कुणाला सांगता येणार नाही! तिथला संन्यासी म्हणे तीनच आठवड्यांत गुत्त्यात सापडला. तहान लागते, मान्य आहे. पण मग जाताना निदान नखं तरी झाकून जायचं होतं.

कुणी बोलावील म्हणून वाट पाहू नका. १८१० साली एका तरुणाने वर्तमानपत्रात स्वतःच जाहिरात दिली: जगापासून दूर राहून संन्यासी व्हायची इच्छा आहे, कुणी उमराव ठेवून घेईल काय? पत्र प्लिमथच्या पत्त्यावर पाठवावं, टपालखर्च पाठवणाऱ्याने भरावा आणि मोबदला किती ते अवश्य कळवावं. याला म्हणतात वैराग्य.

बसायचं कसं, ते श्रॉपशायरमधल्या हॉकस्टोनच्या बागेत शिकून घ्या. पाहुण्यांनी घंटा वाजवली की आत तिथले संन्यासी फादर फ्रान्सिस अनवाणी बसलेले, समोर टेबलावर कवटी, वाळूचं घड्याळ आणि पुस्तक. (कवटी घरून आणू नका, मालक देतात.) बगळ्याला जमतं ते तुम्हालाही जमेल. मात्र तिथे पुढे जिवंत माणसाऐवजी बाहुला बसवला. तो जेवत नाही, गुत्त्यात जात नाही आणि ७ वर्षांनी हिशेबही मागत नाही.

तेव्हा पाहुणे आले की अधूनमधून खोकत जा.