शाल, श्रीफळ आणि नवं रेकॉर्डिंग

महाराष्ट्रात ज्येष्ठ वादकांचा विषय निघाला की चर्चा फिरून दोनच मुद्द्यांवर येते: मानधन किती, आणि यंदाचा जीवनगौरव कुणाला. कुणी चार-पाच जाणत्यांना एकत्र आणलंच, तर तीच गाजलेली गाणी आणि तोच आठवणींचा कार्यक्रम. मानधन हवंच, वेळेवर हवं. पण टोकियोत बसून हे वाद वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. या मुरलेल्या माणसांकडे आपण नवं काही मागतच नाही.

इथं झालेलं एक काम पाहा. २९ जुलै १९७९, सीबीएस-सोनी या रेकॉर्ड कंपनीचा टोकियोतला स्टुडिओ. 'व्हीएसओपी' या पाच जणांच्या जॅझ संचात पियानोवर हर्बी हॅनकॉक, सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, बासवर रॉन कार्टर आणि ड्रम्सवर टोनी विल्यम्स. हबर्ड सोडून बाकी चौघे साठच्या दशकात नामांकित जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या पंचकात होते. १९७६ साली न्यूयॉर्कच्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात माइल्सच्या जागी हबर्ड उभा राहिला आणि हा नवा संच जमला. 'फाइव्ह स्टार्स' या टोकियोतल्या तबकडीवर माइल्सच्या काळातलं एकही गाजलेलं गाणं नाही. चार रचना आहेत. हबर्ड, हॅनकॉक, विल्यम्स आणि शॉर्टर यांची प्रत्येकी एक.

शिवाय ही तबकडी टेपवरून कापलेली नाही. वादन सुरू असतानाच लेथची, म्हणजे तबकडी कोरणाऱ्या यंत्राची, सुई लॅकरमध्ये, म्हणजे मऊ लेपाच्या मूळ तबकडीत, खाच कोरत होती. या पद्धतीत जोडकाम नाही. एका बाजूच्या सगळ्या रचना सलग वाजवायच्या, मधल्या काही सेकंदांत खुर्चीसुद्धा करकरू द्यायची नाही. शेवटच्या मिनिटाला चूक झाली तरी अख्खी बाजू पुन्हा. टेपवरून कापताना पुढचा आवाज यंत्राला थोडा आधी कळतो आणि खाचांमधलं अंतर त्याप्रमाणे कमी-जास्त करता येतं. इथं ती सोय नाही. ड्रमचा अनपेक्षित दणका शेजारच्या खाचेत घुसला की लॅकर वाया. म्हणून अंतर आधीच जास्त ठेवतात आणि बाजू आखूड होते. कोरलेलं लॅकर वाजवून तपासायचं म्हटलं तर ते वाजवण्यानेच खराब होतं.

मग वेळेचं गणित मांडावं लागतं. समजा ३२ मात्रागटांची रचना आहे, प्रत्येक गटात ४ ठोके, लय मिनिटाला २०० ठोक्यांची. एक आवर्तन, म्हणजे अख्खी रचना एकदा, साधारण ३८ सेकंदांचं. तिघांनी प्रत्येकी ३ आवर्तनं घेतली, सुरुवातीला आणि शेवटी मुखडा वाजला, की सात मिनिटं भरली. कुणी भान विसरून दोन आवर्तनं जास्त घेतली तर पुढच्याला जागा उरत नाही. वर्षानुवर्षं सोबत वाजवलेल्यांना हे खुणेशिवाय कळतं. ज्येष्ठांचा खरा उपयोग इथं आहे! आपल्याला तरी हे नवं कुठे? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या काळात सगळ्याच तबकड्या थेट कापल्या जात, आणि तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा राही.

जपानमध्येही जॅझचा श्रोता म्हातारा होतोय, जॅझ ऐकवणारी जुनी कॉफीघरं बंद पडताहेत. तरीही इथला श्रोता ज्येष्ठाची नवी तबकडी विकत घेतो, हा मोठा फरक.

मुंबईच्या सिनेस्टुडिओंत अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशा गोव्याच्या माणसांनी दुसऱ्यांच्या चालींना वाद्यमेळ दिला. त्यांच्या स्वतःच्या रचना फार थोड्या ध्वनिमुद्रित झाल्या. १९७८ साली निरंजन झवेरींनी मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू केला, त्या मंचावर वाजवलेले काही जण आजही वाजवतात. त्यांच्यासाठी लेथ लागत नाही. पाच जण, प्रत्येकाची एक नवी रचना, मायक्रोफोनशिवाय दोन दिवस तालीम आणि तिसऱ्या दिवशी एकाच खोलीत रेकॉर्डिंग. अशा खोलीत बासच्या माइकमध्ये ड्रम्स शिरतातच, त्यामुळे बासची चूक नंतर एकटी सुधारता येत नाही. पुन्हा सगळ्यांनीच वाजवायचं. एका रचनेचे तीनच टेक घ्यावेत, चौथ्याला ताजेपणा जातो. आणि ट्रम्पेटचे उंच सूर असलेली रचना सकाळी पहिल्यांदा घ्यावी, कारण ओठ थकले की तो सूर परत लागत नाही. संथ रचना जेवणानंतर.