तळीरामाला सोडा आता

परवा संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला बसलो होतो. समोर गडकरी रंगायतन, त्यामुळे विषय राम गणेश गडकरींच्या 'एकच प्याला' या नाटकावर गेला. एक मित्र म्हणाला, "सुधाकर देवमाणूस होता रे, त्या तळीरामाने वाटोळं केलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

सुधाकर हुशार, मानी वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडाला आणि सनद गेली, ती सहा महिन्यांपुरती. फक्त सहा महिने! सिंधूसारखी बायको घरात. तरी तो अपमान त्याला गिळता आला नाही. प्याला तळीरामाने पुढे केला हे खरं, पण तळीराम त्याचा कारकून. कारकून मालकाच्या घशात दारू ओतू शकतो का?

पुढे सुधाकर दारू सोडतो, काम मागायला जातो, तर प्रतिष्ठित मंडळी त्याला हिडीसफिडीस करतात. त्या मंडळींना मी माफ करणार नाही. सावरू पाहणाऱ्याला त्यांनी परत ढकललं. पण शेवटी त्याच्याच तान्ह्या लेकरावर पडलेली काठी कुणाच्या हातात होती?

१९१९ साली, गडकरी गेल्यावर महिन्याभरात हे नाटक रंगभूमीवर आलं. अजूनही आपण तळीरामालाच शिव्या घालतो, कारण ते सोपं पडतं. घरच्या माणसाला जाब विचारावा लागत नाही.

माझी आत्या वागळे इस्टेटजवळ चाळीत राहायची. कारखाना बंद पडल्यावर आतोबा प्यायला लागले. आमच्या घरात एकच वाक्य: "संगत वाईट लागली." मी सातवीत होतो. भाऊबीजेला आत्या आली, तर डाव्या हातात एकही बांगडी नाही, मनगट टम्म सुजलेलं. "मोरीत घसरले," म्हणाली. बाबांनी ताटात ओवाळणी टाकली आणि फराळाचं विचारलं. आतोबांना त्यांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. त्यांच्या मित्रांच्या नावाने मात्र आयुष्यभर बोटं मोडली.

सिंधूही मरताना फौजदारासमोर नवऱ्याला पाठीशी घालते. त्या प्रवेशाला मी दर वेळी रडतो, आणि दर वेळी ते मनगट आठवतं.

आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली. परवा घरी आल्यावर आत्याला फोन लावला आणि त्या भाऊबीजेचं विचारलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मोरी कोरडी होती रे."