आत्याने तीन दिवस मला का सांगितलं नाही

माझी आत्या देवगड तालुक्यात आमच्या जुन्या घरात एकटी राहते. वय 74. गेल्या वर्षी आंब्याचा हंगाम संपता संपता तिचे 2 लाख 40 हजार रुपये गेले.

आधी फोन आला, की तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा घडलाय. मग व्हिडिओ कॉल, समोर खाकी वर्दीतला माणूस. कोणाला सांगितलंत तर त्यालाही आत घेऊ, असा दम. दुसऱ्या दिवशी ती एसटीने तालुक्याला गेली, मुदत ठेव मोडली आणि त्यांनी दिलेल्या खात्यात पैसे भरले. तेवढा वेळ फोन चालूच होता, पिशवीत, पासबुक आणि पानाच्या डब्याच्या मधे. बँकेतल्या मुलीने विचारलंसुद्धा, "आजी, एवढे पैसे कोणाला पाठवताय?" आत्या म्हणाली, "भाच्याक घर घेवचा हा." हे उत्तरही त्यांनीच पढवलेलं. भाचा म्हणजे मी.

मला कळलं तिसऱ्या दिवशी रात्री. मी पहिलं काय विचारलं? "तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तू वरडशीत म्हणान."

खरं होतं ते. मोबाईलवर चुकीचं बटण दाबलं की मी ओरडायचो. दारावर आलेल्या कोणाला पाचशे रुपये दिले की ओरडायचो. मला वाटायचं मी तिला सावध करतोय. ती मात्र एवढंच शिकली, की चूक झाली तर डोंबिवलीला, म्हणजे मला, कळता कामा नये.

आणि पैसे गेले ते त्या तीन दिवसांत. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार गेली, तर पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवून रक्कम तिथेच गोठवता येते. उशीर झाला की ती एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जाते आणि कुठेतरी रोख निघते. आम्ही तक्रार केली तेव्हा पहिल्या खात्यात 11 हजार उरले होते. तेवढेच थांबले.

'कोणाला ओटीपी देऊ नका' हा मेसेज आत्याला पाठ होता. तिने ओटीपी दिलाच नाही. तिने स्वतः फॉर्म भरला, स्वतः सही केली. फोनवरच अटकेत असल्याची भीती घालतात ती 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर पोलीस कोणाला अटक करत नाहीत, हे तिला कोणी बसून सांगितलं नव्हतं. मीही नाही.

म्हणून माझं ठाम मत झालंय: घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपली भीती वाटत असेल, तर चोराचं अर्धं काम आपणच करून ठेवलेलं असतं. रात्री आठला मी आता रोज फोन करतो. बरेचदा गडी आला नाही, माकडांनी नारळ पाडले, एवढंच बोलणं होतं. पैशांचा विषय मी काढत नाही. ती काढते.

त्याचा उपयोग या जानेवारीत झाला. आमच्या भावकीतलाच एकजण एका एजंटला घेऊन घरी आला. सातबारा सामाईक आहे, त्यावर आत्याचंही नाव आहे. "वारस नोंदीसाठी नुसती सही हवी," म्हणाले. उद्या रजिस्ट्रारकडे गाडीने नेऊन आणतो, असंही. आत्याने कागद ठेवून घेतला. "माका आधी भाच्याक दाखवूचा हा," म्हणाली. मग व्हॉट्सॲपवर फोटो आला, वाकडा, कोपऱ्यात तिचा अंगठा. वर लिहिलेलं, कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. खाली चौथ्या ओळीत: विक्री करणे, मोबदला स्वीकारणे.

सही झाली असती तर तिचा हिस्सा तिच्या नावाने दुसऱ्यानेच विकला असता, आणि आम्हाला फेरफाराची, म्हणजे सातबारावरचं नाव बदलण्याची, नोटीस आल्यावर कळलं असतं, तीही कोणी उघडून वाचली असती तर. आपल्याकडे जमिनीला भाव आल्यापासून हे गावोगाव चाललंय. बहिणींकडून हक्कसोड, म्हाताऱ्या काकांकडून बक्षीसपत्र. बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'मला सांभाळायचं' ही अट त्यात लिहून घ्या. मग सांभाळलं नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली प्रांताधिकाऱ्यांकडे जाऊन ते रद्द करून मागता येतं. तोंडी वचनावर विसंबू नका, मुलगा असला तरी.

त्या रात्री आत्याने दोनदा विचारलं, "मी बरोबर केलंय मा?" मी म्हटलं, तू घर वाचवलंस.

चतुर्थीला जाईन तेव्हा नवा सातबारा आणि सगळे फेरफार काढून नेणार आहे. ओटीवर बसून तिला एकेक नाव मोठ्याने वाचून दाखवायचंय. बारीक अक्षर तिला आता दिसत नाही.