आंबेनळी घाट भूकंपाने खचला नव्हता

'कोयनेत भूकंप झाला की आंबेनळी घाट खचतो, २०२१ लाही तेच झालं' असा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. हा घाट महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या पाण्याने डोंगरावरची माती भिजून जड झाली आणि खालच्या कातळावरून सुटून रस्त्यावर आली. कोयना परिसरात दोन-तीन रिश्टरचे बारीक धक्के वर्षानुवर्षं बसतात. तेवढ्याने घाट कोसळत नाही.

मोठा भूकंप मात्र घाटरस्ते मोडतोच. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ रिश्टरच्या धक्क्याने काठमांडू ते कोदारी हा अरनिको महामार्ग जागोजागी दरडींखाली गेला. खिळखिळे झालेले डोंगरउतार पुढे पावसातही ढासळत राहिले.

आपल्या घाटात भूकंपाची वाट पाहू नका, संरक्षक भिंतीतली पाणी जायची भोकं पाहा. ती चिखलाने बुजलीत, भिंत पोटाशी फुगलीय, डांबरात कडेने लांब चीर गेलीय, असं दिसलं तर तिथे क्षणभरही गाडी थांबवू नका. आणि कृपा करून तो मेसेज पुढे पाठवू नका. 'भूकंप नाही, मग घाट सुरक्षित' असं समजून लोक भर पावसात निघतात.