हिरानी आपलेच, पण प्रभावळकरांना त्यांनी 'शोधून' नाही काढलं

आठवडा झाला, बिल्डिंगचा ग्रुप, शाळेचा ग्रुप अन् मावशीच्या भिशीचा ग्रुप, सगळीकडे एकच मेसेज फिरून राहिला. म्हणणं असं की दिलीप प्रभावळकर हे दूरदर्शनवरचे एक कॉमेडियन होते, आपल्या नागपूरच्या राजकुमार हिरानींनी त्यांना ६२ व्या वर्षी शोधून काढलं, 'लगे रहो मुन्नाभाई' सिनेमासाठी गांधीजींचा मेकअप केला, त्या मेकअपवर नॅशनल अवॉर्ड मिळालं आणि मग ते परत गायब झाले. खाली चार संत्री आणि 'प्राउड नागपूरकर'.

हिरानींचा अभिमान मलाही आहे. इथला पोरगा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून एडिटिंग शिकून एवढा मोठा डायरेक्टर झाला, कोणाला नाही वाटणार. पण त्यासाठी दुसऱ्या माणसाची तीस-पस्तीस वर्षं पुसून टाकायची काय गरज आहे बाप्पा?

आधी ते 'कॉमेडियन' घेऊ. हे येतं चिमणरावावरून. चिं. वि. जोशींच्या विनोदी कथांमधला चिमणराव सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर आला, प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, आणि तो शिक्का जो बसला तो बसलाच. आमच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता, त्यामुळे मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नागपूरच्या महाल भागात मामाच्या घरी, व्हीसीआर भाड्यानं आणला होता त्या रात्री, आणि सिनेमा होता 'चौकट राजा', १९९१ चा. नंदू नावाचा माणूस, लहानपणी झाडावरून पडून डोक्याला मार लागलेला, अंगानं वाढला पण मनानं तिथंच राहिला. मी शाळेत होतो, मला खरंच वाटलं की हा माणूस तसाच आहे, आणि मामी म्हणाली अरे हा चिमणराव नं, तर मी मानायलाच तयार नव्हतो. आमच्या गल्लीत असा एक दादा होता, त्याला पोरं चिडवायची, मीपण चिडवायचो. त्या रात्रीनंतर माझ्याच्यानं नाही झालं ते.

आणि हे मला फार नंतर कळलं की त्याच काळात जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकात ते मतिमंद मुलाच्या बापाचं काम करायचे, मुलगा व्हायचा अतुल परचुरे. म्हणजे एकीकडे असं पोर सांभाळून थकलेला बाप आणि दुसरीकडे ते पोर स्वतःच, दोन्ही बाजूंनी एकच दुःख एकाच नटानं उभं केलं. याला कॉमेडियन म्हणून राहिले तुम्ही!

बरं, दोनच वर्षांनी, १९९३ ला, 'झपाटलेला'. तात्या विंचू. बाहुल्यात जीव जाण्याआधी तो गुंड माणूस म्हणून जेवढा दिसतो ना, तेवढ्यानंच आमची अर्धी शाळा 'ओम फट स्वाहा' करत हिंडत होती आणि रात्री लाइट चालू ठेवून झोपत होती. नंदू आणि तात्या विंचू एकच माणूस आहे हे मी वर्गात सांगितलं तर पोरं हसली माझ्यावर. आणि विनोदी काम केलं तेही हलकं नाही, 'हसवा फसवी' नाटक त्यांनी स्वतःच लिहिलं आणि त्यात सहा भूमिका स्वतःच केल्या, एक तर बाईची, आणि शेवटी ते थकलेले म्हातारे गायक नट कृष्णराव हेरंबकर, तिथं हसता हसता गळा दाटून येतो.

'शोधून काढलं' यावर जास्त बोलायची गरजच नाही. २००१ पासून अल्फा मराठी चॅनलवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका चालू होती, प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखमालेवरून केलेली, आणि त्यांनी केलेले आबा टिपरे घराघरात होते. अख्ख्या महाराष्ट्राला माहीत असलेल्या माणसाला शोधत नाहीत, बोलावतात. हिरानींनी बरोब्बर माणूस बोलावला, हे क्रेडिट त्यांचं, पूर्ण त्यांचं.

आता अवॉर्ड. इथं मेसेज सरळ सरळ चुकीचा आहे. २००६ च्या सिनेमांसाठीचं बेस्ट सपोर्टिंग अॅक्टरचं नॅशनल अवॉर्ड त्यांना एका सिनेमासाठी नाही, दोन सिनेमांसाठी मिळून मिळालं, एक 'लगे रहो मुन्नाभाई' आणि दुसरा गजेंद्र अहिरेंचा 'शेवरी', मराठी. 'शेवरी'त कुठून आणता गांधीजींचा मेकअप? त्या सिनेमाचं नावसुद्धा मेसेजमध्ये नाही, हेच मला सगळ्यात जास्त लागलं, मराठी माणसांनी मराठी ग्रुपवर मराठी सिनेमाच गाळला.

आणि मुन्नाभाईतही मेकअपनं काय होते? ते बापू फक्त मुन्नाला दिसतात, बाकी कोणालाच नाही. म्हणजे खोलीत माणसं असतात आणि एकाचीही नजर यांच्यावर टिकत नाही, समोर खेळायला फक्त एकटा संजय दत्त. अशात आवाज न चढवता, हातवारे न करता, नुसतं शांत उभं राहून त्या सीनचं वजन धरायचं. पुन्हा बघा एकदा, चष्मा आणि टक्कल विसरून फक्त आवाज ऐका.

राहिलं 'गायब'. २००८ ला 'सरकार राज'मधले राव साहेब, वरून देवमाणूस आणि आतून सगळं कारस्थान त्याचंच. २०१३ ला 'नारबाची वाडी'. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये 'दशावतार', बाबुली मेस्त्री, कोकणातला दशावतारी कलावंत, सिनेमाचा मेन रोल, वय वर्षं ८१. मावशीला घेऊन गेलो होतो मी. इंटरव्हलला समोसा आणून दिला तर तिनं तो हातातच धरून ठेवला, खाल्ला नाही, नंतर म्हणे थंड झाला, राहू दे, सुरू होईल आता.