टायटल एकदम क्लिअर!

आज पॉटलकमध्ये एक गृहस्थ पुरणपोळीवर तूप ओतता ओतता इथल्या मूळनिवासी चेरोकी जमातीच्या जमिनींबद्दल म्हणाले, "चेरोकींनी रीतसर करार केला, पैसे घेतले नि गेले. उगाच कशाला रडगाणं!" मुलीसमोर तमाशा नको म्हणून मी गप्प बसले. आता भांडी झाली, आता बोलते.

आम्ही इथे, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, फोर्साइथ काउंटीत, घर घेतलं तेव्हा क्लोजिंगला, म्हणजे खरेदीच्या सह्या करताना, वकील म्हणाला होता, टायटल, म्हणजे मालकी हक्क, एकदम क्लिअर आहे. मी विचारलं, किती मागपर्यंत बघितलंत? तो नुसता हसला.

अहो, ही जमीन चेरोकींची. रानटी म्हणे! स्वतःची लिपी, १८२७ची राज्यघटना, १८२८पासून स्वतःचं वर्तमानपत्र. आणखी काय हवं होतं, आधार कार्ड? १८३२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जॉर्जियाचे कायदे त्यांच्या मुलखात चालणार नाहीत. ऐकलं कुणी? त्यांच्याच मुलखात, डालोनेगाला, सोनं निघालं होतं ना. त्याच वर्षी जॉर्जियाने जमिनीचे तुकडे पाडले आणि लॉटरीत वाटले. लॉटरीत! त्यांचा प्रमुख जॉन रॉस वॉशिंग्टनहून परतला तर त्याच्या घरात लॉटरीवाला बिऱ्हाड थाटून बसलेला. त्याचंही टायटल क्लिअरच असणार.

आणि तो 'रीतसर' करार? डिसेंबर १८३५, न्यू एकोटा, चेरोकींची जुनी राजधानी. सह्या मूठभर लोकांच्या, रॉसची नाहीच. हजारो चेरोकींनी विरोधाचे अर्ज केले. सिनेटमध्ये लागत होती त्यापेक्षा एकच मत जास्त पडलं, झालं मंजूर. १८३८ मध्ये सैनिकांनी घराघरातून लोक हुसकून छावण्यांत कोंबले आणि पार आजच्या ओक्लाहोमात नेऊन टाकले. सोळा हजारांतले सुमारे चार हजार मेले म्हणतात. त्यात रॉसची बायकोही होती.

हो, त्यांच्यातले श्रीमंत गुलाम बाळगायचे, रॉससुद्धा. माहितीये. कमेंटमध्ये सांगायला येऊ नका.

चिडले खरी, पण त्या गृहस्थांचं घर आमच्याच गल्लीत आहे. आणि त्या दिवशी वकील हसला तेव्हा मीही हसले होते. मग पेढे वाटले.

मघाशी फाइल काढली. घराच्या कागदावर पत्त्याखाली अजूनही 'लँड लॉट' आणि पुढे नंबर आहे. लॉटरीसाठी आखणी झाली, तेव्हाचा. आठ वर्षं कपाटात होता, मी कधी वाचलाच नव्हता.