म्हातारीला वाघ भेटू द्या!

काल कॉलेज रोडवरून नातीसाठी ‘म्हातारी आणि भोपळा’ हे गोष्टींचं पुस्तक आणलं. चकचकीत कागद, मोठाली चित्रं. तिसऱ्याच पानावर डोकं सणकलं. वाघ विचारतो, ‘आजी, मी मदत करू का?’ अरे, मग ती भोपळ्यात बसते कशाला? ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ हे सगळं गायब! तिला खाणारं कुणी नसेल तर टुणुक टुणुक पळायचं कुणापासून? वर म्हातारी म्हणे प्रवास ‘एन्जॉय’ करते!

चिऊकाऊची तीच गत. पाऊस आहे, पण शेणाचं घर वाहूनच जात नाही. ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ या एका वाक्यावर पोरं श्वास रोखून बसतात हो! ते गाळायचा हक्क कुणी दिला?

आणि कहर म्हणजे शूर्पणखा. आम्ही पंचवटीत राहतो. तिचं नाक कापलं, त्या नासिकेवरून नाशिक, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. पुस्तकात ती ‘रुसून निघून गेली’. रुसून? मग आमच्या गावाला नाव कुठून आलं?

परदेशी गोष्टींनाही सोडलेलं नाही. डॅनिश लेखक अँडरसनची जलपरी १८३७ सालच्या मूळ गोष्टीत समुद्राचा फेस झाली. आता जो तो तिचं लग्न लावून मोकळा. मुलांना रडू येईल म्हणून? येऊ दे की! आम्ही रडलो नाही का?

रात्री ते पुस्तक कपाटावर टाकलं, दिवा मालवला आणि वाघाला डरकाळी फोडायला लावली. नात घट्ट बिलगली. म्हणाली, ‘पुन्हा सांग.’